रंगाआधीचा आंबा

मराठी परीक्षणांत ‘कातीव’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. कातीव गद्य, कातीव संवाद, नटीचा कातीव चेहरा. आपल्याला ‘कोरलेलं, रेखीव’ असं काहीतरी म्हणायचं असतं. पण मुळात कातीव म्हणजे कातलेलं, लेथवर गोलाई दिलेलं. ते काम करणारा तो कातारी. कोरताना लाकूड स्थिर असतं आणि हत्यार फिरतं; कातताना लाकूड गरागरा फिरतं आणि माणसाला हात स्थिर ठेवावा लागतो. शब्द वापरात राहिला, कातारी मात्र आपल्या बोलण्यातून गेला.

मला तरी तो माहीत असायला हवा होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये सुतारकामाचा एक जोड आम्ही हाताने केला होता. लाकूड कातण्याचं मात्र फक्त प्रात्यक्षिक बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. अर्धी बॅच मागे उभी राहून मोबाइल बघत होती. मी त्या अर्ध्यात. रिपोर्ट कुणाच्या तरी फाइलवरून उतरवला.

सावंतवाडीची लाकडी फळं तुम्ही पाहिली असतील. मुलुंड-घाटकोपरला कोकणातल्या माणसाच्या घरी शोकेसमध्ये एक परडी हमखास असते: आंबा, पेरू, सीताफळ, केळी. आमच्याकडेही आहे. पाहुणे एकच दाद देतात, “अगदी खरं वाटतं हो!” माझं भांडण या दादेशी आहे. ‘खरं वाटतं’ म्हटलं की सगळं श्रेय रंगाला जातं. देठाजवळची लाली, सालीवरचे ठिपके. आतल्या लाकडाकडे कुणी बघतच नाही. गावातही मान चित्रकामालाच. गंजिफाच्या पत्त्यांना 1970च्या दशकात राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभं केलं, त्याबद्दल आपण वाचतो. वस्ती तर चितारआळी, नावातच चितारी. कातकाम हे रंगासाठी पाटी तयार करण्याचं काम समजलं जातं.

गेल्या मे महिन्यात चितारआळीतल्या एका दुकानात मी रंग न दिलेला आंबा मागितला. दुकानदार काकांना पटेना. “ह्यो अजून झालो नाय,” ते म्हणाले. शेवटी दिला.

तो हातात घेऊन बघा. दोन्ही टोकांना लेथने पकडल्याची बारीक खूण. पोटावर अंगठा फिरवला तर जेमतेम जाणवणारी वलयं. इथपर्यंत तो भोवऱ्याचा किंवा लाटण्याचा भाऊ, कारण लेथला गोलाईशिवाय काही येत नाही. आणि आंबा तर गोल नसतो. त्याला एका बाजूला चोच असते, पाठ थोडी कलती. म्हणून मशीनवरून उतरल्यावर एका कडेने कानस फिरली आहे, वलयं तिथे पुसली गेली आहेत. लेथने दिलेली सममिती हाताने कुठे आणि किती बिघडवायची, हा निर्णय त्या चार बोटं रुंद जागेत आहे. लिंबात तो नाही. लिंबू लेथवरच जवळजवळ संपतं, म्हणून परडीतलं लिंबू मला कंटाळवाणं वाटतं. रंगवलेल्या आंब्यात ही जागा केशरी छटेखाली दिसेनाशी होते.

बाहेर या कलेला मान मिळाला तो उलट्या वाटेने. अमेरिकेत जेम्स प्रेस्टिनी येल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला आणि त्याने इतके पातळ लाकडी वाडगे कातले की ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेले. रंग नाही, फक्त लाकडाच्या रेषा. डेव्हिड एल्सवर्थ त्याच्याही पुढचा: एका छोट्या भोकातून वाकडं हत्यार घालून अख्खं भांडं आतून पोखरायचं. आत दिसत नाही, त्यामुळे आवाजावर आणि हाताला बसणाऱ्या थरथरीवर भरवसा. अशा भांड्यात आमटी वाढता येत नाही. म्हणून ते शिल्प.

इथे मला माझाच संशय येतो. बिनरंगाचा आंबा मला आवडतो तो या अमेरिकन वाडग्यांचे फोटो बघून डोळ्यांना लागलेल्या सवयीमुळे तर नव्हे? हाच आंबा अंधेरीच्या एखाद्या डिझाइन स्टोअरमध्ये पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवला तर मी कौतुकाने जास्त पैसे देईन, आणि कातणाऱ्याचं नाव तिथेही नसेल. काकांचं ‘झालो नाय’ हे माझ्या मतापेक्षा वजनदार आहे. त्यांच्या लेखी रंग हा वरून चढवलेला नटवेपणा नाही. आंबा पिकायचा बाकी आहे, इतकंच.

तरीही मी त्याला रंग देणार नाही. लाकूड पूर्वी पांगाऱ्याचं असायचं, हलकं. हा मात्र तळहातावर चांगला जड लागतो, आणि रंगाच्या परडीतून एकेक फळ उचलताना हे वजन मला कधी जाणवलं नव्हतं. तो माझ्या डेस्कवर लॅपटॉपशेजारी असतो. कॉल लांबला की अंगठा आपोआप चोचीजवळच्या त्या पुसलेल्या वलयांवर जातो. परवा आईने झाडताना तो उचलला, उलटासुलटा केला आणि विचारलं, “कैरी आहे का रे ही?”