काडी, सांधा आणि प्रश्न : अरविंद गुप्ता यांच्या आगकाडी-प्रतिकृतींची गणितीय समीक्षा

शालेय गणिताला पाठ्यपुस्तकाबाहेर काढून मुलांच्या हाती देण्याचे जे प्रयत्न भारतात झाले, त्यांत अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून घडविलेल्या प्रतिकृतींचे स्थान निर्विवाद आहे. या प्रतिकृतींविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर मात्र बहुधा कौतुकाचा असतो आणि ते कौतुकही ‘टाकाऊतून टिकाऊ’ या एकाच अंगाचे असते. साधन स्वस्त आहे ही गोष्ट महत्त्वाची खरी. पण ती अर्थकारणाची झाली. त्या साधनात गणित नेमके कोठे आहे आणि ते मुलापर्यंत व शिक्षकापर्यंत पोहोचते काय, हे तपासल्याशिवाय या कार्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

1972 मध्ये मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद (आजच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांमधून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. आयआयटी कानपूरचे पदवीधर असलेले गुप्ता पुण्याच्या टेल्कोत अभियंता होते. 1978 मध्ये रजा घेऊन ते या कार्यक्रमात दाखल झाले. खेड्याच्या आठवडी बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांना हे साधन सुचले. नळीच्या छोट्या तुकड्याच्या दोन तोंडांत दोन काड्या खोचल्या की लवचीक सांधा तयार होतो. मध्ये भोक पाडून तिसरी काडी बसविता येते. एका तुकड्यातून दुसरा आडवा ओवला की चार तोंडे मिळतात. या प्रतिकृतींना पुढे पुस्तकरूप लाभले.

या साधनाचे गणितीय मर्म काडीत नसून सांध्यात आहे, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. कागदावर काढलेला त्रिकोण आणि चौकोन सारखेच निश्चल असतात. येथे मात्र त्रिकोण दाबूनही हलत नाही आणि चौकोन बोटाच्या धक्क्याने कलतो. कलताना त्याच्या चारही बाजू त्याच राहतात, परिमितीही तीच राहते. क्षेत्रफळ मात्र घटत घटत शून्याकडे जाते. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत हा प्राथमिक शाळेतील जुना दोष आहे. तो इतक्या थोडक्यात उघडा पाडणारे दुसरे साधन क्वचितच असेल.

याहून लक्षणीय गोष्ट त्रिमितीत घडते. घनाला 12 काड्या लागतात, अष्टफलकालाही 12च. घन हाताळताच कोलमडतो, अष्टफलक ठाम उभा राहतो. सामग्री समान असताना हा भेद का? जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1864 मध्ये मांडलेल्या नियमानुसार अवकाशातील सांगाडा ताठ राहण्यासाठी सांध्यांच्या तिपटीतून 6 वजा करून येणाऱ्या संख्येइतक्या तरी काड्या हव्यात. अष्टफलकाचे सांधे 6, म्हणून 12 काड्या पुरतात. घनाचे सांधे 8, म्हणून 18 हव्यात आणि 6 कमी पडतात. (हा नियम आवश्यक अट सांगतो, पुरेशी नव्हे, काड्या चुकीच्या जागी लावल्या तर संख्या जुळूनही सांगाडा हलू शकतो.) घनाची पृष्ठेही 6च असल्याने प्रत्येक पृष्ठावर एक कर्ण टाकला की घन ताठ होतो. पण आगकाडी तेथे पुरत नाही. काडी 4 सेंमीची असेल, तर सांध्याची जाडी सोडून कर्णाला सुमारे 5.7 सेंमी लांबीची हीर खराट्यातून काढून घ्यावी लागते. दोनाचे वर्गमूळ असे नाव कळण्याआधीच मूल त्याच्याशी झटू लागते.

गुप्तांच्या मांडणीचा भर मात्र कृतीवर आहे. त्रिकोण ताठ राहतो, म्हणूनच तो छपरांच्या कैच्यांत आणि पुलांत दिसतो, अशा मोजक्या विवेचनानंतर लेखन पुढील प्रतिकृतीकडे वळते. या संयमाला मूळ संदर्भात दोष म्हणता येत नाही. होशंगाबादच्या कार्यक्रमात शिक्षकांची प्रशिक्षणे होती, मासिक बैठका होत्या आणि मुलांच्या पत्रांतील प्रश्नांना उत्तरे देणारा ‘सवालीराम’ नावाचा कल्पित पत्रमित्रही होता. पुस्तकाने सोडलेली जागा भरून काढणारी माणसे तेथे होती. राज्य शासनाने 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद केला, तेव्हा ही माणसांची व्यवस्था मोडली. साधन तेवढे सुटे होऊन सर्वत्र पसरले.

सुटे झालेले हे साधन आज समाजमंदिरांत, वाचनालयांत, विज्ञान मेळाव्यांत भेटते. अर्ध्या तासात मूल एक चतुष्फलक बनवून घरी नेते आणि सोबत आलेले शिक्षक रांग सांभाळतात. येथे पुस्तकाचा संयम उणीव ठरतो, कारण प्रश्न विचारणारे कोणी उरलेले नसते. मराठी वाचकाला याविरुद्धचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडीच अंगणात नेली आणि महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी परिसरातील वस्तू योजल्या. त्या अंगणात शिक्षिका रोज होती. मेळाव्याचे अंगण संध्याकाळी आवरले जाते.

पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत 2003 ते 2014 या काळात गुप्तांनी जे काम केले, त्याने या साधनाला प्रचंड प्रेक्षक मिळवून दिला. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रफितींनी कृती घरोघर नेली हे श्रेय लहान नाही. तथापि, चित्रफितीतला सांधा कधीच निसटत नाही. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरतात. तेथे शिक्षकांनी स्वतः घन कोसळताना पाहणे आणि काड्या मोजत बसणे, यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

अशा बैठकीत आधी हाती घ्यावी ती सहा तोंडांच्या सांध्याची कृती. एका सांध्याभोवती पाच समभुज त्रिकोण जुळविले, तर 60 अंशांची फट उरते. ती मिटविताना मधला सांधा वर उचलला जातो आणि घुमटाचा आरंभ होतो. असेच 12 सांधे आणि 30 काड्या जोडत गेले की विंशतिफलक पुरा होतो. सहा त्रिकोणांचे कोन मात्र नेमके 360 अंश भरतात. ते टेबलावर सपाट पडतात, उचलले तर वेडेवाकडे दुमडतात. घुमट काही धरत नाहीत. त्यातून घरी नेण्याजोगे काहीच तयार होत नाही, म्हणून मेळाव्याच्या मांडणीत या कृतीला सहसा जागा मिळत नाही.