पंगत आडवी, रील उभी



आज मी कुठल्या मोठ्या छायाचित्रकाराचं काम घेऊन आलेलो नाही. तीन लग्नांची चित्रणं घेऊन आलोय, तिन्ही आमच्याच घरातली. पहिलं १९९४ चं, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातलं, व्हीएचएस कॅसेटवर. दुसरं २०११ चं, अमरावतीच्या एका मंगल कार्यालयातलं. तिसरं २०२३ चं, अकोल्यातल्या लॉनवरचं, आणि ते मी मोबाईलवरच पाहिलं.

लग्नाची कॅसेट म्हटली की आपण हसतो. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, वरून गुलाबाच्या पाकळ्या, मागं सिनेमाचं गाणं. (हशा) हसायला माझी ना नाही. पण आपल्याकडं कॅमेऱ्यावर पोट भरणाऱ्या कुणालाही विचारा, तो आधी लग्नसराईचं नाव घेईल. म्हणजे आपल्या भागात कॅमेऱ्यानं जे काही काम केलं, त्यातलं सगळ्यात जास्त मांडवात झालंय. मग त्याची समीक्षा का करायची नाही?

माझं म्हणणं आधीच सांगतो. चित्र जसजसं सुंदर होत गेलं, तसतसं गाव फ्रेमच्या बाहेर गेलं. आणि हे निव्वळ आवड बदलली म्हणून झालं नाही. चिपचा आकार, चित्राचा वेग, फ्रेमचा उभा-आडवेपणा, या यंत्राच्या गोष्टी आहेत. त्यांनी आपल्यासाठी निवड केली आणि ती आपण आपली आवड समजून बसलो.

आधी अल्बमचं बघू. फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो. दोन भिंगांचा यशिका असेल तर १२० च्या रोलवर फक्त १२. साध्या घरच्या लग्नात तीन-चार रोल म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यामुळं फोटोवाला मोजून बटण दाबायचा. हळद, वरमाला, कन्यादान, सप्तपदी, नवरीची पाठवणी, मग स्टेजवर मानाच्या माणसांचे गट. मानाची माणसं कोण ते यजमान सांगायचे. रोल कमी म्हणून यादी आली, आणि यादी आली की त्यात कोण बसत नाही तेही ठरलं. माझी आजी विधवा होती. तिला विधीत जागा नव्हती, म्हणून अल्बममध्ये जागा नाही. अख्ख्या अल्बममध्ये तिचा एकही फोटो नाही.

आता कॅसेट. शूटिंगवाल्याच्या खांद्यावर भला मोठा कॅमेरा, आणि शेजारी हजार वॅटचा हॅलोजन धरलेला पोरगा. मे महिना, पंचेचाळीसच्या वर गेलेला पारा, त्यात तो लाइट. समोरचा माणूस डोळे बारीक करूनच दिसतो. चित्राला धार नाही, लाल रंग बाजूला सांडलेला. पण कॅसेट तीन तासांची असायची आणि ती भरायची असायची. शिवाय कापाकापी अवघड. दोन व्हीसीआर जोडून एकावरून दुसऱ्यावर उतरवायचं, आणि प्रत्येक उतरवणीत चित्र आणखी फिकं. म्हणून जितकं कमी कापाल तितकं बरं.

आणि मग पंगत. ही पंगत मी कितीदा पाहिली असेल! कॅमेरा एका टोकाला सुरू होतो आणि बसलेल्या एकेका माणसासमोरून सरकत जातो. वीस-बावीस मिनिटं. कुणी मान वळवतं, कुणी घास हातात धरून थांबतं, एक बाप्या मुद्दाम पोळीचा मोठा तुकडा मोडून दाखवतो. शूटिंगवाला प्रत्येकाला का घेतो? कारण त्याला धंदा कळतो. कॅसेट घरी लागणार, सगळे नातेवाईक जमणार, जो तो स्वतःला शोधणार. एक जरी सुटला तरी ऐकून घ्यावं लागणार, ‘आमच्या साडभावाले तं घेतलंच नाही राजेहो!’

त्या कॅमेऱ्याची चिप नखाएवढी. चिप लहान असली की जवळचं आणि लांबचं बहुतेक एकाच वेळी नीट दिसतं. त्यामुळं पत्रावळीमागं वाढपी दिसतो, त्याच्यामागं पऱ्हाटीचा ढीग, सोडलेली बंडी, आणि अगदी मागं, मांडवाबाहेर, आपली पंगत बसायची वाट बघत असलेले वाजंत्रीवाले. गावात कोण कधी आणि कुठं जेवतं, ते त्या शूटिंगवाल्यानं मुद्दाम टिपलेलं नाही. त्याच्या यंत्राला ते लपवता आलं नाही, एवढंच.

आवाजाचंही तसंच. मिक्सिंगवाल्यानं सगळी करामत विधींवर केली. कन्यादानावर गाणं, पाठवणीवर गाणं. पंगतीवर काय मेहनत करायची म्हणून ती तशीच सोडली. त्यामुळं तिथला मूळ आवाज वाचला. ‘अबे पोट्ट्या, इकडं वरन आन ना बे.’ ‘नको वाढू बाप्पा, पोट फुटते माह्यं.’ ही वऱ्हाडी कुणी कॅमेऱ्यासाठी बोललेली नाही. आज विनोदी कार्यक्रमांत जी वऱ्हाडी ऐकू येते ती हशा यावा म्हणून बोललेली असते. ही जेवताना बोललेली आहे. हा फरक कान देऊन ऐका.

शेवटच्या, बायकांच्या पंगतीत माझी आजी आहे. कॅमेरा तिच्यासमोर येतो. ती पदर पुढं ओढते आणि म्हणते, ‘माह्याकडं कायले दाखवतं बाप्पा, नवरीकडं दाखव ना.’ सात सेकंद. ती १९९८ साली गेली. तिचा आवाज जगात दुसरीकडं कुठंच नाही.

आता दुसरं लग्न. २००८ साली कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला. फोटोच्या कॅमेऱ्यातच फुल एचडी व्हिडिओ, आणि चिप ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढी. असल्या कॅमेऱ्यांनी लग्नाचा धंदा पालटला. आपल्याकडच्या पोरांनी कर्ज काढून, सेकंडहँड घेऊन हे कॅमेरे आणले. मोठी चिप आणि उघडं भिंग, म्हणजे नवरीचे डोळे धारदार आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही म्हटलं, वा! सिनेमाच झाला!

पण आज कॅसेटच्या शेजारी ठेवून बघतो तेव्हा कळतं, की जे विरघळलं ते अमरावती होतं. हे लग्न पुण्यात झालं की नागपुरात, चित्रावरून सांगता येत नाही. मागं फक्त दिव्यांचे गोल गोल ठिपके. माझी आत्या त्यातल्या एका ठिपक्याजवळ उभी आहे. मला माहीत आहे म्हणून ओळखू येते, एरवी ती एक हिरवा डाग आहे.

दुसरं म्हणजे स्लो मोशन. सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम घ्यायच्या आणि २५ च्या वेगानं दाखवायच्या. अक्षता हळूहळू पडतात, छान दिसतं. पण हळू केलेल्या माणसाचं बोलणं ऐकवता येत नाही. म्हणजे स्लो मोशन मुकं असतं. मुकं चित्र चालत नाही म्हणून गाणं लावायचं. बावीस मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये भटजींचं एक वाक्य सोडलं तर कुणीच काही बोलत नाही. वऱ्हाडातलं लग्न आणि कुणी बोलत नाही!

तिसरं लग्न रीलचं. भारतात इन्स्टाग्रामनं रील्स आणल्या जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर लगेच. सुरुवातीला १५ सेकंद, मग वाढत गेल्या. फ्रेम उभी. उभ्या फ्रेममध्ये काय मावतं? एक माणूस. फार तर जोडपं. पंगत ही आडवी गोष्ट आहे, ती तिथं मावत नाही. तुम्ही म्हणाल, पंगतच राहिली नाही, बुफे आला. खरं आहे, कॅमेऱ्यानं पंगत घालवली असं मी म्हणत नाही. पण बुफेतही दोनशे माणसं उभी होती. तीही नाहीत. उलट नवरीला दोनदा चालत यायला लावलं, कारण पहिल्यांदा गाण्याचा ठेका चुकला होता. आधी लग्न व्हायचं आणि कॅमेरा त्याच्यामागं धावायचा. इथं लग्न कॅमेऱ्यासाठी थांबलं.

आता माझ्याच म्हणण्यावर दोन आक्षेप घेतो.

पहिला असा, की यंत्रच सगळं ठरवतं का? नाही. २००० साली मालेगावच्या शेख नासिर यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. पुढं त्यांच्या सुपरमॅनच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात कॅमेरा पाण्यात पडतो, हिरव्या पडद्यापुढं किडकिडीत सुपरमॅन उडवला जातो. घरगुती यंत्रच ते, पण मागणाऱ्यानं त्याच्याकडं वेगळं काही मागितलं. यंत्राला एक उतार असतो, पाणी तिकडं आपोआप जातं. दुसरीकडं न्यायचं तर दांड काढावा लागतो. शेतकऱ्याच्या पोरांना हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा, की नव्या यंत्रानं काहीच दिलं नाही का? दिलं. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला कावडी येतात. त्या कावडीची लांबी, तिला लागलेले खांदे, रस्ताभर पसरलेली माणसं, हे ड्रोननं दाखवलं तसं आधी कुणालाच दाखवता आलं नव्हतं. तिथं यंत्र आणि विषय एकमेकांना साजेसे आहेत. फक्त वरून खांदे दिसतात, चेहरे दिसत नाहीत. त्यासाठी कुणीतरी खाली, गर्दीत हवा.

शेवटी कामाचं बोलतो. इथं लग्नं शूट करणारी पोरं ऐकत असतील. तुमची रील करा, पोट त्यावर आहे. पण प्रत्येक लग्नात दहा मिनिटं माझ्यासाठी द्या. कॅमेरा आडवा धरा, भिंग आठपर्यंत मिटवा म्हणजे मागचं दिसेल, वेग साधा ठेवा, आवाज चालू ठेवा, आणि जेवणाऱ्यांसमोरून सावकाश चालत जा. गिऱ्हाइकानं मागितलं नसलं तरी फाइल देऊन टाका. आज कुणी बघणार नाही. वीस वर्षांनी तेवढंच बघतील.

आणि ज्यांच्या कपाटात कॅसेटी आहेत त्यांनी उशीर करू नका. फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवा मिळणं संपलं. टेपवर बुरशी चढते, ती चढलेली कॅसेट मशीनमध्ये घातली तर हेडही जातं. चालू व्हीसीआर असलेला माणूस शोधा. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. उतरवणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा. तो म्हणेल, ‘काका, पंगतीचा भाग कापून टाकू का? लई मोठा आहे.’

कापू देऊ नका.

आता प्रश्न घेऊ.