आंकू : चेतनगुणोक्ती की पदारोप?

मृत्यूला मनुष्यरूप दिलेले आढळले की आपली समीक्षा त्यास 'चेतनगुणोक्ती' म्हणून मोकळी होते. या संज्ञेमागे एक गृहीत दडलेले असते : अमूर्त कल्पना आधी, तिचा देह मागाहून. वायव्य फ्रान्समधील ब्रिटनीच्या लोककथांतला मृत्यू, म्हणजे 'आंकू', हे गृहीत तपासून पाहण्यास भाग पाडतो.

आंकूसंबंधीच्या कथांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह अनातोल ल ब्राझ यांचा. तो १८९३ साली प्रथम प्रसिद्ध झाला व १९०२ साली विस्तारित रूपात पुन्हा निघाला. त्यातील आंकू उंच आणि कृश आहे. त्याच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी आहे, हाती लांब दांड्याचा विळा आहे आणि विळ्याचे पाते उलटे, बाहेरच्या बाजूस वळवून बसवलेले आहे. रात्री त्याच्या गाडीच्या आसाची करकर ऐकू येणे हे जवळच्या मरणाचे चिन्ह होय. एवढ्यावरून तो युरोपीय कलेतल्या सांगाड्याचा ग्रामीण भाऊबंद वाटेल. तथापि संग्रहात नोंदलेली एक समजूत हे साम्य मोडून काढते : प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चशी बांधलेल्या वस्तीत, वर्षाअखेर जो शेवटी मरतो तो पुढील वर्षाचा आंकू होतो. एखाद्या वर्षी मरणे अधिक झाली, तर यंदाचा आंकू दुष्ट आहे, असे लोक म्हणत.

या समजुतीचा अर्थ दूरगामी आहे. येथे कल्पनेला माणूस केलेले नाही. माणसाला, कालपर्यंतच्या शेजाऱ्याला, एका पदावर नेमलेले आहे. दुष्टपणा मृत्यूचा नव्हे, त्या वर्षीच्या पदधारकाचा. अथर्ववेदातील यमही मर्त्यच, मर्त्यांपैकी प्रथम मेलेला. परंतु तो प्रथम मृत कायमचा राजा होतो. हा शेवटचा मृत वर्षभराचा सेवक ठरतो. या प्रक्रियेला 'गुणारोप' न म्हणता 'पदारोप' म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

याउलट चर्चच्या शिल्पाची भाषा आहे. ला रोश-मोरिस येथील १६३९ सालच्या अस्थिगृहाच्या दर्शनी भिंतीवर भाला घेतलेला आंकू कोरलेला आहे, आणि मी तुम्हां सर्वांना मारतो, अशा अर्थाचा लेख त्याच्यापाशी आहे. हा लेख ब्रेतनमध्ये नसून फ्रेंचमध्ये आहे, हे विसरून चालणार नाही. 'सर्वांना' उद्देशून बोलणारा हा मृत्यू कोणत्याच गावचा नाही. परंतु प्लुमिल्यो येथील चर्चमधल्या आंकूच्या लाकडी मूर्तीला लोकांनी 'एर्वानिक' हे घरगुती लाडके नाव दिले. सार्वत्रिक रूपकाला गावाने जणू आपल्या गावकीत ओढून घेतले.

त्याच प्लुमिल्योच्या लोहाराची कथा या दृष्टीने वाचनीय आहे. नाताळच्या रात्री निषिद्ध वेळ उलटूनही तो काम करीत राहतो. एक अनोळखी माणूस विळा दुरुस्तीला आणतो. काम झाल्यावर तो मजुरी देत नाही, सल्ला देतो : निजून राहा, बायको परतली की धर्मगुरूला बोलावणे पाठव. कोंबडा आरवता लोहार मरतो. कथेत उपदेश अगदी थोडा आहे. एक कारागीर आणि त्याचे गिऱ्हाईक यांच्यातला हा व्यवहार आहे. आंकू लोहाराला धमकावत नाही, त्याचा न्यायनिवाडाही करीत नाही. त्याचे हत्यार बिघडले आहे, एवढेच.

ल ब्राझ यांचे फ्रेंच गद्य साहित्यिकाचे आहे, आणि त्यातून मौखिक कथेचा मूळ सूर कितपत उरला हा प्रश्न रास्तच आहे. पण कथेखाली सांगणाऱ्याचे व गावाचे नाव नोंदवण्याची त्यांची पद्धत पदारोपाच्या तर्काशी सुसंगत आहे : प्रत्येक मृत्यूला गाव असते.

चेतनगुणोक्तीत वाचक मृत्यूकडे बाहेरून पाहतो. आंकूच्या कथेत श्रोता स्वतःच त्या पदाचा संभाव्य वारस असतो. दोहोंना एकच संज्ञा लावल्यास श्रोत्याचे हे स्थानच समीक्षेच्या नजरेतून निसटते, आणि त्याबरोबर कथेतील भयही.