संग्रह आणि अडगळ

जुन्या वस्तू जमविणारा रसिक कोठे संपतो आणि अडगळीचा धनी कोठे सुरू होतो, हा प्रश्न चंदीगडात राहणाऱ्यास टाळता येत नाही. येथील बांधकाम खात्यातील रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, फरशा, चिनीमातीचे तुकडे वर्षानुवर्षे गुपचूप जमवून मांडले. १९७६ साली ते रॉक गार्डन लोकांस खुले झाले. उलट पिएर जान्नरे यांच्या सागवानी खुर्च्या आपल्याच कचेऱ्यांनी गच्च्यांवर रचल्या आणि भंगाराच्या भावाने काढल्या. परदेशी लिलावांत त्यांनाच लाखांची बोली लागली. मग २०११ साली मनाईहुकूम निघाला! मोल खुर्चीत होतेच, पाहणारा नव्हता.

केवळ वयाने वस्तू संग्राह्य ठरत नाही. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी अकाली गेलेल्या राजाच्या नावाने उभारलेल्या संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. तरी तेथे कोंदटपणा जाणवत नाही, कारण अडकित्त्याशेजारी अडकित्ता येताच कारागिरांचे निरनिराळे हात ओळखू येतात. आम्हां बदलीवाल्यांच्या घरी मात्र तीन गावे न उघडता फिरलेली पेटी असते. तीत पेशवेकालीन समई असली, तरी तिला आम्ही अडगळच म्हणू.