टॅबचे वाटोळे

आमच्या घरात माझ्या वस्तू हलवण्याचा अधिकार फक्त बायकोला आहे. दिवाळीच्या आधी ती माझं टेबल आवरते आणि पुढचे आठ दिवस मी चष्मा शोधत फिरतो. पण त्यात एक सोय असते. वस्तू कुठे गेली हे विचारता येतं, आणि "डोळे फुटले का?" असं का होईना, उत्तर मिळतं.

परवा रात्री मी ब्राउझर धडधाकट बंद केला. सकाळी उघडतो तर टॅब सुजलेले, ओळखीची बटणं परागंदा, आणि सगळा मेनू कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांत पापडांसारखा चळत लावून बसलेला. वर पाटी : 'खास तुमच्यासाठी नवं रूप!' मी काही मागितलं नव्हतं. आता विचारायचं कुणाला? कंपनीला बायको नसते.

माझं डोकं शांत होतं. चिडली ती बोटं. डोक्याला नवी जागा चार दिवसांत कळते, बोटांना कळत नाही. अंधारातसुद्धा हात मिठाच्या बरणीवर बरोबर जातो, तसं हे असतं. त्या जागी कुणी साखर भरून ठेवावी आणि वर बरणी कशी सुबक आहे ते सांगावं, तर आमटीचं काय होईल?

ही रडकथा माझ्या एकट्याची नाही. एप्रिल २०१४ मध्ये फायरफॉक्सच्या २९व्या आवृत्तीत टॅबच्या कडा गोलाकार झाल्या. टॅब वाटोळे झाले मात्र, जुन्या मंडळींनी 'सगळ्याचं वाटोळं झालं' म्हणून हाकाटी केली. जुनं रूप परत आणणारं 'क्लासिक थीम रिस्टोरर' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, त्याला लोक बिलगले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७वी आवृत्ती आली आणि टॅब पुन्हा चौकोनी झाले. पण त्याच आवृत्तीत जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं चालेनाशी झाली. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने नेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोमने, स्वतःच्या दहाव्या वाढदिवसाच्या मुहूर्तावर, आपले तिरप्या कडांचे टॅब गोल करून घेतले. जून २०२१ मध्ये फायरफॉक्सचे टॅब खालच्या पट्टीपासून सुटून बटणासारखे तरंगू लागले. त्याच वर्षी आयफोनवरच्या सफारीने तर अ‍ॅड्रेस बार कपाळावरून उचलून हनुवटीवर आणला. चाचणीच्या आवृत्तीतच लोक असे खवळले, की शेवटी 'हवा तर वर ठेवा' अशी मुभा द्यावी लागली.

आता न्यायाने बोलायचं, तर तक्रारदारही काही धुतल्या तांदळासारखे नव्हेत. २०१४ मध्ये ज्या जुन्या रूपासाठी गळे काढले, त्यातले टॅब अ‍ॅड्रेस बारच्या डोक्यावर २०११ च्या चौथ्या आवृत्तीतच चढले होते, आणि तेव्हाही असाच गळा निघाला होता. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे म्हणायला पूर्वी साठी गाठावी लागे, आता तीन वर्षं पुरतात. शिवाय बदल करणाऱ्यांचं म्हणणंही अगदीच वेडगळ नसतं. मोठ्या फोनवर अंगठा वर पोचत नाही, म्हणून पट्टी खाली आणली. चांगलंच आहे. मीसुद्धा चारपाच दिवसांत निवळलो आणि सुजलेल्या टॅबांना रुळलो.

मग आक्काची आठवण झाली.

आक्का माझी थोरली बहीण. वय ७८, मुक्काम सांगली. बंगळूरच्या नातीचे फोटो बघायला मिळावेत म्हणून मीच तिला फोनवरून ब्राउझर शिकवला. तिने सगळं एका वहीत उतरवून घेतलं होतं : 'डावीकडे बाण – मागे. घराचं चित्र – पहिलं पान. चांदणी – छकुलीचे फोटो.' रोज फोटो बघून झाले की तिचा मला फोन यायचा. तो तीन आठवडे आला नाही. शेवटी मीच केला.

"अरे बाळू," ती हळूच म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी मोडलंय बघ त्यात. वहीतलं एकही चित्र सापडेना. तुला सांगायची लाज वाटली."

लॅपटॉपवर तिने कापड टाकून ठेवलं होतं.

माझी खरी तक्रार आहे ती इथे. आम्ही ओरडणारे मोजले जातो. आम्हाला ओरडायची जागा ठाऊक असते आणि जुनं रूप परत आणायच्या युक्त्याही. पण स्वतःलाच दोषी धरून मुकाट कापड टाकणाऱ्या आक्काची नोंद कुठल्या वहीत होते? ती गप्प बसली, म्हणजे तिला नवं रूप पसंत पडलं, असाच हिशेब लागत असणार. नवं आणू नका असं मी म्हणत नाही. जुनं काही दिवस शेजारी नांदू द्या. आणि त्या पाटीवर 'खास तुमच्यासाठी' ऐवजी 'तुमच्या हातून काही मोडलेलं नाही, आम्हीच हलवलंय' एवढं छापा.

रविवारी सांगलीला गेलो. कापड काढलं, आक्काची वही घेतली, कोऱ्या पानावर नवी चित्रं काढायला खिशातून पेन काढलं. आक्काने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"पेन्सिलीनं लिही रे," ती म्हणाली.