ऐकलीत ती प्रत कोणती?

१९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या तबकडीसोबत आणखी काय गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सोबत कार्ट्रिज आणि सुई आहे. वेष्टणावर सुई कुठे टेकवायची याची आकृती आहे. तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांत पूर्ण व्हावा, हेही हायड्रोजन अणूशी निगडित कालमापात कोरलेले आहे. भैरवी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक असण्याची शक्यता नाही, अशा श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. उलट केसरबाई, अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर मराठीत लिहिणारे आपण, कोणत्या सुईने आणि किती वेगाने ऐकले हे एका ओळीतही नोंदवत नाही.

साहित्यात असे चालत नाही. ज्ञानेश्वरीच्या एखाद्या शब्दावर वाद घालायचा, तर प्रत कोणती हे आधी सांगावे लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली, तेव्हापासून ही शिस्त आपल्या परंपरेत आहे. संगीतसमीक्षेत मात्र ‘त्यांचा आवाज पातळ होता’, ‘ताना घाईच्या होत्या’ अशी विधाने ‘प्रत’ न सांगता केली जातात. माझे म्हणणे एवढेच, की यांतली काही विधाने गायकाबद्दलची नसून टर्नटेबलाबद्दलची आहेत.

प्रथम सुईचा विचार करू. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यासाठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन लागते. १९४८ मध्ये आलेल्या लाँगप्लेची खाच फार बारीक. स्टीरिओ लाँगप्लेची गोल टोकाची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. ही सुई जुन्या तबकडीवर ठेवली, तर ती खाचेच्या दोन्ही भिंतींवर न टेकता तळाशी घसरत जाते. गाणे भिंतींवर आहे. तळाशी आहे धूळ आणि झिजेचा चुरा. मग खरखर पुढे येते, आवाज मागे जातो आणि आपण लिहितो : पातळ आवाज. जाणकार संग्राहक थोड्या वेगवेगळ्या मापांच्या सुया बाळगतात त्याचे कारण हेच. पोलादी सुयांनी भिंतीचा एक पट्टा झिजवलेला असला, तरी त्याच्या वरचा किंवा खालचा पट्टा कधी कधी शाबूत सापडतो.

भाराचेही तसेच. लाँगप्लेच्या कार्ट्रिजला दोनेक ग्रॅम भार पुरतो. ७८च्या सुईला साधारण तीन ते पाच ग्रॅम लागतो. तबकडी जपण्याच्या भावनेने भार फार कमी ठेवला, तर सुई खाचेत नीट बसत नाही, उडते, आणि तबकडीचे नुकसानच होते. शिवाय या तबकड्यांत गाणे फक्त आडव्या हालचालीत असते. स्टीरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचते, आणि ती इथे निव्वळ गोंगाट असते. दोन्ही वाहिन्या एकत्र जोडून मोनो ऐकले, की हा गोंगाट बराच गळून पडतो.

वेगाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘७८’ हा आकडा पुढे स्थिरावला. सुरुवातीच्या काळात त्याहून कमी आणि जास्त वेगांनीही मुद्रण होत असे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८वर वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी चारमधले गाणे काळी तीनच्या जवळ जाते, सव्वातीन मिनिटांची चीज दहा सेकंदांनी आटोपते, तान धावते आणि ‘आ’कारही बारीक होतो. एका जुन्या मुद्रिकेतील ताना उतावीळ आहेत, असे मी स्वतः एकदा लिहिले होते. पुढे वेग कमी करून ऐकले, तेव्हा तो उतावीळपणा माझ्या यंत्राचा होता हे ध्यानात आले. छापलेले वाक्य मात्र परत घेता आले नाही.

मग खरा वेग ठरवायचा कसा? तबकडीवर ठेवायची रेघांची चकती ही पहिली पायरी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघा स्थिर दिसल्या, तर वेग ७७.९२ फेरे असतो. त्यासाठी निऑनचा दिवा घ्यावा. आजचे बरेचसे एलईडी दिवे इथे उपयोगी पडत नाहीत. पण चकती फक्त यंत्राचा वेग सांगते, मुद्रणाचा नाही. त्यासाठी कान आणि तर्क दोन्ही लागतात. साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मधोमध वाजत असेल, तर वेगाबद्दल शंका घ्यावी. निर्णय मात्र देऊ नये, कारण पेट्यांची जुळणी सगळीकडे एकसारखी नसे. एकाच बैठकीतल्या तबकड्या शेजारी ठेवून गायकाची पट्टी ताडून पाहणे अधिक भरवशाचे. म्हणून टर्नटेबल निवडताना त्यावर ७८चा वेग आहे ना आणि तो थोडा कमीजास्त करता येतो ना, हे आधी पाहावे. १९७२ साली आलेल्या टेक्निक्सच्या नामवंत एसएल-१२००वर वेग सरकवण्याची सोय होती, पण ७८ नव्हता. नामवंत यंत्र आपल्या कामाचे असेलच असे नाही.

फोनो प्रीअ‍ॅम्पही निर्दोष नसतो. तो १९५४च्या सुमारास ठरलेल्या आरआयएए मापाने बांधलेला असतो. १० हजार हर्ट्झला तो सुमारे १३.७ डेसिबल उतरवतो. ज्या जुन्या तबकडीत ती पट्टी मुळात तेवढी चढवलेलीच नव्हती, तिचा आवाज त्यामुळे झाकोळतो.

यावर एक आक्षेप येईल : त्या काळच्या श्रोत्याने तरी कर्णा आणि पोलादी सुईवरच ऐकले ना? खरे आहे. पण त्याला गायक मैफलीत ऐकण्याचीही संधी होती. तबकडीतली उणीव तो आठवणीने भरून काढी. आपल्यापाशी फक्त तबकडी आहे, म्हणून आपली जबाबदारी त्याच्यापेक्षा मोठी.

महागडे यंत्र घ्या, असा याचा अर्थ नाही. योग्य मापाची सुई, पुरेसा भार, मोनो जोडणी आणि बदलता वेग, एवढ्यावर बरेच साधते. आणि लिहिताना एक ओळ जोडावी : सुई अमुक मायक्रॉन, वेग अमुक, षड्ज अमुक पट्टीत. त्या ओळीमुळे आपले मत बरोबर ठरणार नाही. पण पुढच्याला ते तपासता येईल. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याला जे कळवले, ते मराठी वाचकाला कळवायला काय हरकत आहे?