रॉ डील : आक्रमक डेक आणि माझं चुकलेलं गणित

मागच्या महिन्यात याच ब्लॉगवर मी छातीठोकपणे लिहिलं होतं की ‘रॉ डील’मध्ये स्पर्धेसाठी डेक बांधायचा असेल तर मोठ्या डॅमेजचे डाव भरा, बचाव कमी करा आणि सुटा. काहीजणांनी ते वाचून तसे डेक बांधलेही. त्यांची आधी माफी मागते. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही आठ जणांनी प्रिंट काढलेली कार्डं घेऊन छोटी स्पर्धा घेतली, आणि माझ्या त्या ‘गणिताने सिद्ध’ डेकने मी चारपैकी तीन सामने हरले. हरण्याचं फार वाईट वाटलं नाही. का हरले हे कळल्यावर मात्र झोप उडाली, कारण नेमकी तीच चूक माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणातही होती. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी खेळ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं खेळली असतील. उंची, वजन, छाती, किती लढती जिंकल्या. आकडा मोठा तो जिंकला. रॉ डीलचा त्याच्याशी संबंध फक्त चेहऱ्यांपुरता. हा खेळ अमेरिकेत २००० साली कॉमिक इमेजेस या कंपनीने काढला, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूई अजून डब्ल्यूडब्ल्यूएफ होती. कंपनीने तो कधीच बंद केला, पण हौशी लोक अजून खेळतात.

तुम्ही एक सुपरस्टार निवडता आणि ६० पानांचा डेक बांधता. एका कार्डाच्या जास्तीत जास्त तीन प्रती चालतात (काही अपवाद आहेत, ते सोडा). प्रत्येक डावावर दोन आकडे महत्त्वाचे: तो खेळायला किती फॉर्टिट्यूड लागतो आणि तो किती डॅमेज करतो. फॉर्टिट्यूड म्हणजे तुम्ही आतापर्यंत यशस्वी केलेल्या डावांच्या डॅमेजची बेरीज. सुरुवातीला शून्य. म्हणजे मारायला ताकद लागते, आणि ताकद मारूनच मिळते.

आता या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट. इथे वेगळे ‘लाइफ पॉइंट’ नाहीत. मॅजिक द गॅदरिंगमध्ये तुमच्याकडे २० लाइफ असतं आणि डेक बाजूला असतो. रॉ डीलमध्ये डेक हेच शरीर. मी तुम्हाला सहाचा फटका मारला की तुम्ही तुमच्या डेकवरची सहा पानं एकेक करून उलटायची आणि रिंगसाइडच्या ढिगात टाकायची. उलटायला पान उरलं नाही की तुम्ही चितपट. पण उलटताना माझ्या डावाची तोड असलेलं कार्ड निघालं, आणि ते वापरण्याइतका फॉर्टिट्यूड तुमच्याकडे असला, तर मार तिथेच थांबतो आणि माझी पाळी संपते. रिव्हर्सल या शब्दाला आखाड्यातला ‘तोड’ इतका चपखल शब्द असताना मी दुसरा शोधणार नाही. तोड हातातूनही खेळता येते. पण डेकमधून आपोआप निघणारी तोड ही कल्पनाच मला फार आवडते. अर्धमेला पैलवान न ठरवताही अचानक उसळी मारतो, तसं काहीसं.

ही रचना बघताक्षणी मला माझं संशोधन आठवलं. मी धूसर माध्यमातून प्रकाश कसा जातो यावर काम करते: दूध, चरबीचे थेंब मिसळलेलं पाणी, त्वचेसारखे थर. प्रकाशाचा कण अशा माध्यमात शिरला की प्रत्येक पावलावर त्याची कशाला तरी धडक बसण्याची एक ठरावीक शक्यता असते. त्यामुळे जाडी वाढत जाईल तसा न अडकता पार होणारा प्रकाश घातांकी वेगाने कमी होतो. बूगेरने १७२९ मध्ये, लॅम्बर्टने १७६० मध्ये आणि बीअरने १८५२ मध्ये हे आपापल्या परीने मांडलं. आपण त्याला बीअर-लॅम्बर्टचा नियम म्हणून पाठ करतो. दोन धडकांमधलं सरासरी अंतर म्हणजे मुक्तपथ.

रॉ डीलमध्ये माझा फटका म्हणजे प्रकाशाचा कण आणि समोरच्याचा डेक म्हणजे माध्यम. समजा, त्याच्या ६० पानांत माझ्या डावाला चालणाऱ्या ९ तोडी आहेत. म्हणजे दर पानाला अडण्याची शक्यता ०.१५. पाचचा फटका पूर्ण बसण्याची शक्यता ०.८५चा पाचवा घात, साधारण ४४ टक्के. दहाचा फटका २० टक्के. पंधराचा जेमतेम ९ टक्के. (काढलेलं पान परत जात नसल्याने अचूक आकडे थोडे कमी येतात, दहाच्या फटक्याला १७ टक्के, पण चित्र तेच.) सरासरी किती पानं उलटतील? पाचच्या फटक्याला ३.७, दहाच्या ५.४, पंधराच्या ६.१. कितीही मोठा फटका मारा, सरासरी ६.७ च्या वर जात नाही, कारण एक भागिले ०.१५ हा त्या डेकचा मुक्तपथ आहे.

हे आकडे समोर असूनही मी ‘मोठे डाव भरा’ असं लिहिलं, हे आता वाचताना हसू येतं. तेव्हाचा माझा युक्तिवाद असा होता: एका पाळीत तोड निघेपर्यंत हवे तितके डाव खेळता येतात. डेकच्या दृष्टीने चार अधिक चार अधिक चार आणि एकदम बारा यात फरक नाही, उलटणारी पानं तीच. मग हातातली तीन पानं खर्च करण्यापेक्षा एक का नको? शिवाय दर डावाला समोरच्याला हातातून तोड काढायची एक संधी मिळते. एकच डाव, एकच संधी. यातलं वाक्य अन् वाक्य खरं आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिली चूक अगदी बावळट होती. मोठ्या डावांना मोठा फॉर्टिट्यूड लागतो, आणि सुरुवातीला तो शून्य असतो. माझ्या डेकमध्ये शून्य फॉर्टिट्यूडला चालणारे डाव १२ होते. मी केन घेतला होता, त्याला सुरुवातीला सात पानं मिळतात. साठातल्या बारांपैकी एकही सात पानांत न येण्याची शक्यता १९ टक्के. म्हणजे दर पाच सामन्यांत एकदा मी रिंगमध्ये उतरून नुसती उभी! हेच डाव २० केले तर शक्यता ५ टक्क्यांवर येते. आक्रमक डेकचा पाया हेड बटसारखी गरीब कार्डं असतात: शून्य फॉर्टिट्यूड, चार डॅमेज, वर स्वतःच्या हातातलं एक पान टाकून द्यावं लागतं. दिसायला फालतू. किकमध्ये तर स्वतःच्याच डेकचं वरचं पान जातं. पण पहिल्या दोन पाळ्यांत अशी कार्डं पडली नाहीत, तर तुमचा भारी फिनिशर हातात शोभेला राहतो.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. जॉकीइंग फॉर पोझिशन नावाचं कार्ड आहे. ते खेळल्यावर तुमचा पुढचा डाव पकडीचा, म्हणजे ग्रॅपल असेल, तर तुम्ही दोनपैकी एक मागू शकता: चार जास्त डॅमेज, किंवा समोरच्याच्या तोडीला आठ जास्त फॉर्टिट्यूड लागणं. ‘आक्रमक’ माणूस काय निवडेल? मी दर वेळी चार डॅमेज घेत होते. आता मोजा. डाव सहाचा आहे, समोर वरचाच ९ तोडींचा डेक. चार वाढवून दहाचा केला तर सरासरी ५.४ पानं उलटणार, आणि पाचपैकी चार वेळा पाळी संपणार. दुसरा पर्याय घेतला, आणि सामना नुकताच सुरू झाल्यामुळे समोरच्याकडे आठ फॉर्टिट्यूड नसला, तर त्याच्या सगळ्या तोडी मुक्या होतात. सहाच्या सहा पानं जातात, आणि पाळी चालूच राहते. म्हणजे बचावात्मक दिसणारा पर्यायच जास्त मारतो. पुढे समोरच्याचा फॉर्टिट्यूड वाढला की ही किंमत उतरते. म्हणून हे कार्ड पहिल्या तीन-चार पाळ्यांचं आहे, नंतरचं नाही.

इथे रंगाची गोष्टही येते. मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरा, बोट लाल दिसतं. निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषतं, लाल पार होतो. माध्यम एकच, पण मुक्तपथ रंगागणिक वेगळा. रॉ डीलमध्ये स्टेप असाइड फक्त स्ट्राइक अडवतं, एस्केप मूव्ह फक्त ग्रॅपल, ब्रेक द होल्ड फक्त सबमिशन. तीनही शून्य फॉर्टिट्यूडला चालतात. समोरच्याने प्रत्येकी तीन ठेवली, दुसरी तोडच नाही असं धरलं, तर नऊ तोडी असूनही माझ्या एका ‘रंगा’ला तीनच लागू. दहाचा फटका पूर्ण बसण्याची शक्यता २० वरून ६० टक्क्यांवर! म्हणून आक्रमक डेक एकाच जातीचा असावा असा सल्ला देतात, आणि तो बरोबर आहे. एकट्या सामन्यापुरता. स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर सगळ्यांना कळतं की तुम्ही लाल प्रकाश आहात.

आता तिसरी चूक. ज्याच्याशी मी दोनदा हरले तो आमच्याच लॅबमधला ज्युनियर, अंडरटेकर घेऊन बसलेला. अंडरटेकरची खासियत अशी: पाळीत एकदा हातातली दोन पानं रिंगसाइडला टाकून रिंगसाइडमधलं कुठलंही एक पान हातात घ्यायचं. मी फटके मारत होते, त्याची पानं ढिगात पडत होती, त्यात त्याच्या तोडीही पडत होत्या. मी मनात टिक करत होते: स्टेप असाइड गेलं, अजून एक गेलं, आता दोनच उरल्या. आणि तो शांतपणे त्यातलीच एक उचलून हातात घ्यायचा. माझ्या हिशोबात मेलेली तोड त्याच्या हातात जिवंत. मी जितकी जोरात मारत होते तितकी त्याला निवड वाढत होती. “ताई, तूच देतेस मला,” असं तो हसत म्हणाला, आणि ते शब्दशः खरं होतं.

माझ्या सिम्युलेशनमध्ये समोरचा खेळाडू नव्हताच. पिसलेली ६० पानं होती, आणि एकदा बाहेर गेलेलं पान बाहेरच राहील असं गृहीतक होतं. कोडमध्ये ते कुठे लिहिलेलंही नव्हतं, इतकं ते मला स्वाभाविक वाटलं होतं.

तिसऱ्या प्रकरणात हेच झालं होतं. बीअर-लॅम्बर्टचा नियम धडकलेला प्रकाश ‘गेला’ असं धरतो. पातळ द्रावणात ते चालतं. पण दाट, दुधाळ नमुन्यात धडकलेला कण शोषला जातोच असं नाही. तो वळतो, पुन्हा धडकतो, पुन्हा वळतो, आणि त्यातले काही फिरून माझ्या डिटेक्टरवरच येऊन पडतात. ज्यांना मी गेलेले धरले ते परत आले, म्हणून प्रकाश कमी अडला असं दिसलं आणि मी मुक्तपथ खऱ्यापेक्षा लांब काढला. मॅडमनी मागे ड्राफ्ट वाचून समासात एवढंच लिहिलं होतं: “विखुरलेला प्रकाश जातो कुठे?” मी त्याला ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. स्पर्धेच्या रात्री ते पान काढून परत बघितलं. दाट नमुन्यांची सात मोजमापं आता नव्याने करावी लागणार आहेत, डिटेक्टरसमोर बारीक छिद्र लावून.

खेळावर माझा एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो हरल्यामुळे नाही. फॉर्टिट्यूडचा नियम श्रीमंताला आणखी श्रीमंत करतो. ज्याचे पहिले दोन फटके बसले त्याला मोठे डाव खुले होतात, आणि मार खाणाऱ्याला मार खाल्ल्याबद्दल काहीच मिळत नाही. टीव्हीवरच्या कुस्तीत सगळं आधी ठरलेलं असतं, पण तिथे हरत आलेला माणूस उठतो हाच तर सगळा मसाला. इथे तो उठणं डेकमधून योग्य पान निघण्यावर सोडलंय. मघाशी मी ज्याला सुंदर म्हटलं, त्याचीच ही दुसरी बाजू. अंडरटेकरसारखे थोडे सुपरस्टार सोडले तर मार खाण्याचं सोनं करता येत नाही. आणि माझा लाडका केन तर आक्रमणातली जोखीमच काढून टाकतो: त्याच्या दर पाळीच्या सुरुवातीला समोरच्याचं एक पान फुकट जातं, त्याला तोड नाही. दहा पाळ्यांत दहा पानं, साठाचा सहावा हिस्सा, काही न करता. सुपरस्टार व्हॅल्यू दोनच असल्याने तो बहुतेकदा दुसरा खेळतो. ती भरपाई मला पुरेशी वाटत नाही, पण मी केन सोडणारही नाही.

नवा डेक असा आहे: शून्य फॉर्टिट्यूडचे २० डाव, पकडीचे जास्त, जॉकीइंगच्या तीन प्रती, मधल्या किमतीचे डाव आणि वर फक्त तीन जड डाव. आधी चारच असलेल्या तोडी आता दहा. सिम्युलेशनमध्ये समोर एक खेळाडूही घातलाय, जो चारच्या फटक्यावर तोड वाया घालवत नाही आणि ढिगातून पानं उचलतो. त्याच्याविरुद्ध माझा जुना डेक काय करतो ते बघितलं. ते आकडे इथे टाकायची हिंमत नाही. शनिवारी ज्युनियरबरोबर परत बसणार आहे. त्याला मी जॉकीइंगबद्दल अजून सांगितलेलं नाही, आणि तो हा ब्लॉग वाचत नाही अशी आशा आहे.